रशियातील परलोकवादी चळवळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परलोकवाद म्हणजे नेमकं काय? त्याला ‘अध्यात्म’ म्हटलं तर काय बिघडतं?

माणूस मेल्यावरही त्याचं व्यक्तिमत्त्व शिल्लक राहतं, आणि ‘माध्यम’ म्हटल्या जाणाऱ्या एखाद्या माणसामार्फत ते जिवंत माणसांशी बोलू शकतं. ही दोन विधानं ज्याला मान्य, तो परलोकवादी. यात साधना नाही, गुरू नाही, मोक्षही नाही. म्हणून ‘रशियन अध्यात्मवाद’ असं भाषांतर दिसलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर ध्यानधारणा येते आणि पुढचं सगळं चुकीचं वाचलं जातं. आपल्याकडे ‘प्लँचेट करणं’ म्हणतात, त्याच्याच कुळातली ही गोष्ट आहे. फरक इतकाच की रशियात ती विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेली.

रशियन लोक तीन शब्द वापरत. ‘स्पिरितिझ्म’ हा फ्रान्सच्या आलाँ कार्देककडून आलेला शब्द, आणि त्याला पुनर्जन्माचा वास आहे. ‘स्पिरितुआलिझ्म’ जरा तात्त्विक. बुतलेरोवसारखे शास्त्रज्ञ मात्र जाणूनबुजून ‘मेदिउमिझ्म’ म्हणत. माध्यमाच्या सान्निध्यात काहीतरी घडतं एवढंच त्यातून सांगायचं होतं. ते कोण घडवतं हा प्रश्न नंतरचा. लेखक यांतला कुठला शब्द वापरतो त्यावरून तो कोणत्या गोटातला हे बऱ्याचदा कळतं.

दुखोबोर म्हणजे हेच लोक का?

नाही. ‘दुखोबोर’ म्हणजे ‘आत्म्याशी झुंजणारे’. अठराव्या शतकात त्यांना हे नाव एका आर्चबिशपने शिवीसारखं दिलं होतं. हा शेतकऱ्यांचा ख्रिस्ती पंथ. पुरोहित आणि मूर्ती न मानणारे हे लोक. १८९५ साली त्यांनी शस्त्रं जाळली आणि १८९९ मध्ये हजारोंनी कॅनडा गाठला. टेबलं फिरवणाऱ्या पीटर्सबर्गच्या दिवाणखान्यांशी त्यांचा संबंध नाही. नावात ‘आत्मा’ आहे म्हणून गल्लत होते, एवढंच.

हे खूळ रशियात आलं कधी?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी फॉक्स बहिणींच्या घरात ‘टकटक’ सुरू झाली १८४८ मध्ये. १८५३ पर्यंत टेबल फिरवण्याची लाट युरोप ओलांडून पीटर्सबर्ग-मॉस्कोला पोचली. रशियनमध्ये तिचं नाव ‘स्तोलोवेर्चेनिये’, शब्दशः ‘टेबल-फिरवणी’. त्याच वर्षी मॉस्कोचे मेट्रोपोलिटन (वरिष्ठ धर्माधिकारी) फिलारेत यांना त्याविरुद्ध लिहावं लागलं, यावरून प्रसाराचा वेग लक्षात येईल.

दुसरा टप्पा १८५८ चा. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला प्रसिद्ध माध्यम डॅनियल होम पीटर्सबर्गला आला, तिथल्या एका सरदार घराण्यातल्या मुलीशी त्याने लग्न केलं, आणि लग्नाला कादंबरीकार अलेक्सांद्र द्युमा हजर होता. झार दुसरा अलेक्सांद्र याच्यासमोरही त्याच्या बैठका झाल्या. पहिली पत्नी वारल्यावर होमने १८७१ मध्ये दुसरंही लग्न रशियातच केलं. ही युलिया ग्लुमिलिना रसायनशास्त्रज्ञ बुतलेरोवच्या बायकोच्या माहेरची. पुढची निम्मी चळवळ अशा सोयरिकींनी बांधलेली आहे, हे ध्यानात ठेवावं.

बैठक प्रत्यक्षात कशी चालायची?

हलकं टेबल, शक्यतो गोल आणि मधल्या एकाच खांबावर तीन पायांचं. भोवती चार ते आठ माणसं. तळवे टेबलावर पालथे, शेजाऱ्याच्या करंगळीला करंगळी लागलेली, म्हणजे ‘साखळी’ पूर्ण. दिवे मंद. मग वाट पाहायची, कधी दहा मिनिटं, कधी तास. आधी लाकडात करकर, मग टेबलाचा एक पाय उचलला जाई किंवा ठोके ऐकू येत. रूढ संकेत असा : तीन ठोके म्हणजे होय, एक म्हणजे नाही, दोन म्हणजे सांगता येत नाही.

खरा कस लागायचा तो निरोप घेताना. एकजण वर्णमाला म्हणत जाई आणि हवं ते अक्षर आलं की ठोका पडे. तेव्हाची रशियन वर्णमाला ३५ अक्षरांची. ‘प्योत्र’ हे साधं नाव घ्या : ‘प’ सोळावं, ‘ये’ सहावं, ‘त’ एकोणिसावं, ‘र’ सतरावं. शेवटचं मुकं चिन्ह सोडून दिलं तरी चार अक्षरांसाठी ५८ अक्षरं म्हणावी लागत. अर्ध्या नावावर कुणीतरी ‘प्योत्र का?’ असं विचारी आणि लगेच तीन ठोके पडत. निरोपातला बराचसा मजकूर असा प्रश्नकर्त्याच्या तोंडून आलेला असे. इतिवृत्तात मात्र ‘आत्म्याने प्योत्र हे नाव सांगितलं’ एवढंच उरे.

घरगुती पद्धत याहून सोपी. मोठ्या कागदावर गोलाकार अक्षरं लिहायची, मध्ये बशी पालथी घालायची, तिच्या काठावर बाणाची खूण करायची आणि सगळ्यांनी बोटांची टोकं अलगद टेकवायची. रशियात नाताळापासूनच्या बारा दिवसांत मुली भविष्य पाहण्याचे खेळ खेळत. बशी त्यात सहज मिसळून गेली. आपल्याकडच्या वाटी आणि नाण्याची ही सख्खी बहीण.

कुणी ढकलत नसेल तर टेबल हलतं कसं?

ढकलतातच, पण नकळत. मायकेल फॅरेडेने १८५३ मध्येच हे दाखवलं. त्याने जाड कागदाचे तुकडे एकावर एक ठेवून मधे मऊ डिंकासारखं मिश्रण लावलं, तो गठ्ठा टेबलावर ठेवला आणि बसणाऱ्यांना त्यावर हात ठेवायला सांगितले. टेबल आधी सरकलं असतं तर खालचे कागद पुढे गेलेले दिसले असते. दिसलं उलट : वरचा कागद सर्वांत जास्त सरकला होता, म्हणजे हात पुढे आणि टेबल मागे. मग त्याने गवताच्या काडीची एक तरफ जोडली. हात बाजूला रेटताच काडी हले आणि बसणाऱ्याला ते दिसे. काडी दिसत असली की टेबल हलेना.

सहा जणांनी प्रत्येकी थोडासा जोर दिला तरी बेरीज भरपूर होते, आणि प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटतं की ‘मी तर नाही’. लबाडी न करताही टेबल हलतं ते यामुळे. लबाड माध्यम वेगळं काही करत नाही. याच गर्दीत स्वतःचा पाय टेबलाच्या पायाखाली सरकवतं.

चळवळीतली मुख्य माणसं कोण?

तिघं. अलेक्सांद्र अक्साकोव (१८३२–१९०३), लेखक सेर्गेय अक्साकोवचा पुतण्या. पैसा, पत्रव्यवहार आणि चिकाटी त्याची. सेन्सॉरमुळे स्वीडिश गूढवादी स्वीडनबोर्गच्या ग्रंथाचं त्याने केलेलं रशियन भाषांतर १८६३ मध्ये जर्मनीत, लाइप्झिगला छापलं गेलं. १८७४ मध्ये त्याने तिथूनच ‘प्सिशिश श्टूडिएन’ हे जर्मन मासिक सुरू केलं. ‘टेलिकायनेसिस’ (हात न लावता वस्तू हलवणं) हा शब्द रूढ केला तोही यानेच.

दुसरा अलेक्सांद्र बुतलेरोव (१८२८–१८८६). रेणूला ठरावीक रचना असते हा सिद्धान्त त्याने १८६१ मध्ये मांडला. आजही रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याचं नाव येतं. मधमाश्या पाळायचा, त्यावर लिहायचाही. तिसरा निकोलाय वाग्नेर (१८२९–१९०७), प्राणिशास्त्रज्ञ. काही माश्यांच्या अळ्याच पिल्लं जन्माला घालतात, हा १८६२ चा शोध त्याचा. शिवाय ‘मांजर-मुर्लिका’ या नावाने मुलांसाठी गोष्टी लिहायचा.

तिघांपैकी कुणालाही भाबडा म्हणून निकालात काढता येत नाही. अळीला पिल्लं होतात असं वाग्नेर म्हणाला तेव्हाही लोक हसले होते आणि नंतर तोच खरा ठरला. ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ यावर त्याचा एवढा भरवसा का, याचं उत्तर बहुधा इथे आहे.

मेंडेलीवने आयोग नेमला होता, त्यात काय घडलं?

एप्रिल १८७५ मध्ये वाग्नेरने एका वजनदार मासिकात आपले अनुभव छापले. त्याआधी फ्रेंच माध्यम ब्रेदिफ पीटर्सबर्गला येऊन गेला होता. आवर्तसारणीचा कर्ता दिमित्री मेंडेलीव अस्वस्थ झाला, कारण आता विद्यापीठाची प्रतिष्ठा पणाला लागत होती. ६ मे १८७५ रोजी त्याने विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र संस्थेत आयोगाचा प्रस्ताव मांडला. बारा सदस्य होते. अक्साकोव, बुतलेरोव आणि वाग्नेर यांनी माध्यमं पुरवायची आणि साक्षीदार म्हणून बसायचं. मे १८७६ पर्यंत किमान ४० बैठका, असा करार. गंमत म्हणजे बुतलेरोवला पीटर्सबर्ग विद्यापीठात घ्या अशी शिफारस काही वर्षांपूर्वी मेंडेलीवनेच केली होती.

पहिली माध्यमं म्हणजे इंग्लंडहून आणलेले ‘पेटी’ आडनावाचे किशोरवयीन भाऊ. पडद्याआड घंटा वाजणं हे त्यांचं वैशिष्ट्य. नोव्हेंबर १८७५ च्या बैठकांत आयोगाने त्यांना फसवे ठरवलं आणि अक्साकोवनेही त्यांची बाजू फार लढवली नाही. जानेवारी १८७६ मध्ये आल्या ‘मादाम क्लेअर’, पैसे न घेणाऱ्या इंग्रज बाई, उजेडात बसणाऱ्या. त्यांच्या चार बैठका झाल्या.

आता मेंडेलीवची टेबलं. एक साधं, पण पाय बाहेरच्या बाजूला तिरके पसरलेले. पायांचा घेर फळीच्या कडेच्याही बाहेर जात असल्याने कडेवर कितीही दाबलं तरी दाबाची रेषा पायांच्या आतच पडते आणि टेबल कलंडत नाही. नेहमीच्या एकखांबी टेबलात फळीची कड पायांच्या बाहेर असते, म्हणून तिथे हाताचा जरासा भार पुरतो. दुसरं टेबल दाबमापकाचं : फळीवर हातांनी दिलेला जोर नळ्यांतल्या द्रवाच्या पातळीत उमटे, म्हणजे ‘मी दाबलं नाही’ या वाक्याची परीक्षा जागच्या जागी. फॅरेडेच्या काडीचीच ही सुधारलेली आवृत्ती.

परलोकवाद्यांना ही टेबलं रुचली नाहीत. उपकरणांनी परिस्थिती बिघडते, सदस्य शत्रुत्वाने बसतात, अशा तक्रारी करून ते बाहेर पडले. २१ मार्च १८७६ रोजी आयोगाने निकाल दिला : या घटना नकळत होणाऱ्या हालचालींतून किंवा जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीतून घडतात आणि परलोकवाद ही अंधश्रद्धा आहे. सगळी इतिवृत्तं, विरोधी पक्षाच्या निवेदनांसकट, मेंडेलीवने त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापली. विक्रीचे पैसे वातावरणाच्या वरच्या थरांच्या अभ्यासासाठी लावायचे होते. आत्म्यांच्या पैशांतून हवामान! पुढे १८८७ मध्ये ग्रहण पाहायला तो खरोखरच एकटा फुग्यातून वर गेला.

मग आयोग जिंकला असं म्हणायचं का?

टेबलांच्या बाबतीत हो, वागण्याच्या बाबतीत अर्धवट. ४० बैठकांचा करार होता आणि आयोग त्याच्या जवळपासही पोचला नाही. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द निकालात घालायची गरज नव्हती. टेबलाच्या प्रयोगातून तो निघत नाही. मेंडेलीवने पुस्तकात ठिकठिकाणी आपल्या टिपा घुसवल्या, त्यामुळे न्यायाधीश आणि वकील एकच झाले. अक्साकोवने १८८३ मध्ये या सगळ्याला पुस्तकभर उत्तर दिलं आणि त्यातल्या कार्यपद्धतीवरच्या तक्रारींत दम आहे. मात्र मूळ दुखणं तो टाळतो : त्याच्या माध्यमांना चालणारी परिस्थिती आणि फसवणुकीला वाव देणारी परिस्थिती एकच का असते?

या लोकांची प्रत्यक्ष मतं काय होती?

अक्साकोवची मांडणी सर्वांत नेटकी आहे. जर्मन तत्त्वज्ञ एदुआर्द फॉन हार्टमनने १८८५ मध्ये टीका केली की या सगळ्या माध्यमाच्याच सुप्त शक्ती आहेत. त्याला उत्तर म्हणून १८९० मध्ये अक्साकोवने घटनांचे तीन वर्ग पाडले. ‘पर्सोनिझ्म’ : माध्यमाच्या मनातलाच दुसरा कप्पा बोलतो किंवा लिहितो, सगळं शरीराच्या आत. ‘अॅनिमिझ्म’ : जिवंत माणसाचं मन शरीराबाहेर काम करतं, दूरचं कळतं, वस्तू हलतात. ‘स्पिरितिझ्म’ : दिसायला तेच सगळं, पण कर्ता मृत व्यक्ती.

त्याचा नियम असा की पहिले दोन पर्याय संपल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही. मृताची ओळख पटायला माध्यमाला न येणारी भाषा हवी, किंवा हजर असलेल्या कुणालाच ठाऊक नसलेली आणि नंतर पडताळता आलेली माहिती हवी. बहुतेक बैठका पहिल्याच खणात पडतात हे तो स्वतः मान्य करतो. त्याच्या विरोधकांनी हे वाक्य वापरायला हवं होतं.

ते पुनर्जन्म मानत होते का?

मराठी वाचक हा प्रश्न हमखास विचारतात. कार्देकचे फ्रेंच अनुयायी मानत. अक्साकोव मानत नसे. पुनर्जन्माची शिकवण आत्म्यांनी दिलेली नसून कार्देकच्या माध्यमांच्या पूर्वग्रहांतून आली, असं त्याने १८७५ मध्ये लिहिलं. फ्रान्समधले आत्मे पुनर्जन्म सांगत आणि इंग्लंडमधले नाकारत. बसणाऱ्यांची मतं निरोपात उतरतात याचा याहून चांगला पुरावा मिळणं कठीण.

चर्च आणि सेन्सॉर गप्प कसे बसले?

बसले नाहीत. ऑर्थोडॉक्स चर्चच्या लेखी मृतांना बोलावणं बायबलने निषिद्ध केलेलं कर्म, आणि टेबलातून बोलणारा आवाज भुताखेतांचा नव्हे, सैतानाचा. परलोकवादी नियतकालिकाला परवानगी मिळेना. मग नौदल अधिकारी व्हिक्तोर प्रिबित्कोव १८८१ मध्ये ‘रेबुस’ चालवू लागला. रेबुस म्हणजे चित्रकोडं. कागदोपत्री ते कोड्यांचं साप्ताहिक होतं. कोड्यांच्या शेजारी हळूहळू माध्यमांच्या बातम्या येऊ लागल्या. बायको एलिझावेता स्वतः माध्यम. ‘रेबुस’ १९०४ मध्ये मॉस्कोला गेलं आणि १९१७ च्या सुमारास थांबलं. जुने अंक चाळताना पहिल्या वर्षांतली कोडी पाहून ‘चुकीचं मासिक उघडलं’ असं समजू नका.

दोस्तोयेव्स्की आणि टॉलस्टॉय यांचं म्हणणं काय?

दोस्तोयेव्स्की फेब्रुवारी १८७६ मध्ये अक्साकोवच्या घरी मादाम क्लेअरच्या बैठकीला लेखक लेस्कोव आणि बोबोरिकिन यांच्यासोबत बसला. आपल्या ‘लेखकाच्या रोजनिशी’त त्याने थट्टेच्या सुरात युक्तिवाद केला की हे सैतान असतीलच तर महाधूर्त आहेत, कारण त्यांना हवी आहे ती भांडणं, आणि ती तर सुरू झालीच. आयोगाबद्दलही तो कडवट आहे : ज्याला विश्वास ठेवायचा आहे त्याला अशा अहवालाने काही फरक पडत नाही. हे निरीक्षण आयोगाच्या सगळ्या इतिवृत्तांपेक्षा टिकाऊ ठरलं.

टॉलस्टॉयचा मार्ग वेगळा. ‘ज्ञानाची फळं’ हे त्याचं प्रहसन १८८९ च्या अखेरीस त्याच्या यास्नाया पोल्यानातल्या घरी प्रथम झालं. शेतकऱ्यांना जमीन विकत हवी आहे, मालक सही करत नाही. मोलकरीण तान्या बैठकीत अंधाराचा फायदा घेऊन वस्तू फेकते, उजेड चमकवते आणि शेवटी कागद टेबलावर टाकते. आत्म्याची आज्ञा म्हणून मालक सही करतो. त्यातल्या प्राध्यापकात वाग्नेरला स्वतःचा चेहरा दिसला आणि त्याने टॉलस्टॉयला दुखावल्याचं पत्र लिहिलं.

मॅडम ब्लाव्हाट्स्कींचा यात किती भाग? मुंबईशी काही नातं?

नातं खरं आहे. रशियन गूढवादी लेखिका हेलेना ब्लाव्हाट्स्की १८७४–७५ मध्ये न्यूयॉर्कहून अक्साकोवला पत्रं लिहीत होत्या, आणि पीटर्सबर्गसाठी अमेरिकन माध्यम निवडून द्यायचं काम अक्साकोवने त्यांच्याकडे आणि कर्नल ऑल्कॉटकडे सोपवलं होतं. त्यांनी निवडला पाटीवर ‘आत्म्यांचं लेखन’ उमटवणारा हेन्री स्लेड. तो वाटेत लंडनला थांबला, १८७६ मध्ये तिथे त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला, आणि रशियात पोचला तो १८७८ मध्ये.

पण १८७५ मध्ये ऑल्कॉटसह थिऑसॉफिकल सोसायटी ही गूढविद्येची संस्था स्थापन केल्यावर ब्लाव्हाट्स्कींनी वेगळी वाट धरली. बैठकीत येतात ते मृत आप्त नव्हेत, नुसती ‘टरफलं’ आहेत, असं त्या सांगू लागल्या. परलोकवाद्यांना हे झोंबणारच. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्या ऑल्कॉटसह मुंबईला उतरल्या आणि गिरगावात राहिल्या. ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईतून निघालं. त्याच काळात ‘राद्दा-बाय’ या नावाने त्या मॉस्कोच्या वृत्तपत्राला भारतातली पत्रं पाठवत. त्यांत कार्ल्याची लेणी आहेत. वर्णन बहारदार, मात्र प्रवासवर्णन म्हणून वाचा, पुरावा म्हणून नको. १८८२ च्या अखेरीस मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलला.

रास्पुतिन परलोकवादी होता का?

नव्हता. तो सैबेरियातला ऑर्थोडॉक्स यात्रेकरू शेतकरी, प्रार्थना आणि आशीर्वाद देणारा. त्याच्याआधी १९०१ मध्ये फ्रान्समधल्या लियोंचा ‘मस्यो फिलिप’ हा प्रार्थनेने रोग बरे करणारा गूढवादी राजवाड्यात आला होता. दोघांची गोळाबेरीज करून ‘झारच्या दरबारात भुतं बोलावत’ असं सर्रास लिहिलं जातं.

चळवळ संपली कशी?

बुतलेरोव १८८६ मध्ये गेला, तेव्हाच विद्यापीठातली बाजू लंगडी झाली. अक्साकोव मात्र १८९२ मध्ये मिलानला इटालियन माध्यम एउसापिया पालादिनोच्या बैठकांत गुन्हेशास्त्रज्ञ लोंब्रोसो आणि खगोलशास्त्रज्ञ शियापारेली यांच्यासोबत बसला होता. १९०५ नंतर सेन्सॉर सैल झाला आणि ऑक्टोबर १९०६ मध्ये मॉस्कोत परलोकवाद्यांचं अधिवेशन भरलं. कवी ब्र्युसोवही ‘रेबुस’मध्ये लिहीत असे. क्रांतीनंतर मासिकं आणि मंडळं बंद पडली. बशी घरोघरी राहिली.

जुनं इतिवृत्त वाचताना काय तपासावं?

आधी तारीख. रशियात जुनी दिनदर्शिका होती; एकोणिसाव्या शतकात बारा दिवस मिळवा. आयोगाच्या निकालाची २१ मार्च म्हणजे लंडन-पॅरिसची २ एप्रिल. जर्मन आणि रशियन मजकूर जुळवताना एकच बैठक दोनदा मोजली जाते ती यामुळे.

मग टेबल कुणाचं होतं आणि खोली कुणाची. दिवा किती आणि कुठे. माध्यमाचा प्रत्येक हात कुणी धरला, नावानिशी लिहिलंय का. ‘हात धरले होते’ एवढं पुरत नाही. अंधारात माध्यम दोन्ही हात जवळ आणतं आणि एकच हात दोन्ही शेजाऱ्यांच्या हाती ठेवून दुसरा मोकळा करतं. पालादिनोची ही खोड प्रसिद्धच होती. पायांबद्दल अक्षरही नसेल तर ठोक्यांचा तो पुरावा बाजूला ठेवा : फॉक्स बहिणींपैकी मार्गारेटने १८८८ मध्ये न्यूयॉर्कला भर सभेत पायाच्या बोटांचे सांधे वाजवून दाखवले होते. शेवटी पाहा की इतिवृत्त बसल्या बसल्या लिहिलं, की दुसऱ्या दिवशी आठवून. दुसऱ्या दिवशीच्या इतिवृत्तात मधले ‘काही घडलं नाही’चे तास नसतात, आणि ‘प्योत्र का?’ हा प्रश्नही नसतो.